देवधर्म खाती अडतीस हजार चारशे

श्री. जमा राहो, खर्च आवरो, कुलस्वामिनीच्या कृपेने महिनाअखेर निभावो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, चैत्र मासी नदीकाठच्या एका राज्यात जो प्रसंग घडला, की शार्दूलरावांचे लग्न वर्षाच्या खर्चाच्या कागदावर कसे अडले आणि पुढे काय जाहले, तो वृत्तांत पुसणारांनी पुसला म्हणून लिहिला आहे. पदरचे घातले नाही आणि लाजेस्तव गाळलेही नाही.

राज्य म्हणजे काय, तर भाड्याच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि कपडे वाळत घालायला मागची गॅलरी. तेथे मातोश्री शैलजाबाई आणि त्यांचे एकुलते चिरंजीव शार्दूलराव असे दोघे नांदत होते. शार्दूलराव वयाने एकोणतीस, पंपांच्या कारखान्यात स्टोअरकीपर, तनखा दरमहा बत्तीस हजार, मनाने निर्मळ आणि स्वभावाने घाबरट. सर्व ठीक होते, परंतु सव्विसावे वर्षी मस्तकाच्या सरहद्दीवर गडबड जाहली. आरंभी कपाळाने एक बोट मुलुख घेतला, आणि मग दोन्ही कानशिलांवरच्या खिंडी पडल्या, आणि मग टाळूचे ठाणे एकाकी पडून तेथील शिपाई रोज दहा-वीस उशीवर, कंगव्यात, न्हाणीच्या जाळीवर मरून पडू लागले. शार्दूलरावांनी कांद्याचा रस लाविला, मेथी वाटून लाविली, तेव्हा मातोश्री बोलत्या जाहल्या, "डोक्याची भाजी करून ठेवलीस नुसती. फोडणी तेवढी राहिली." तरी मुलुख जातच राहिला. आणि मग दोन स्थळे आली आणि पोहे खाऊन गेली, आणि मध्यस्थाकरवी निरोप आला, की मुलगा चांगला आहे हो, पण जरा वयस्कर वाटतो. हा घाव वर्मी बसला. मग शार्दूलरावांनी गुप्तपणे मोठी मोहीम काढिली. शेजारच्या शहरी स्टेशन रोडवर दुसऱ्या मजल्यावर केसांचा दवाखाना होता, तेथील डॉक्टरांनी दुर्बीण लावून सर्व मुलुख पाहिला आणि म्हणाले, "मुळं जिवंत आहेत. बारा बैठका कराव्या लागतील." बैठकीस रुपये बत्तीसशे. म्हणून मागील वर्षी, क्रोधीनाम संवत्सरी, पाडव्यापासून पाडव्यापर्यंत, दर महिन्याच्या तिसऱ्या रविवारी अकरा वाजता शार्दूलराव तेथे जाऊन डोक्यात सुया टोचून घेत, आणि मातोश्रींस सांगत की कारखान्यात ओव्हरटाइम आहे. वर्ष सरले, बारा बैठका जाहल्या, आणि टाळूवर जे उगवले ते मोजायला बोटे पुरली.

अशात चैत्र शुद्ध नवमीस तिसरे स्थळ आले. डोंगराकडच्या गावचे अण्णा, एसटी डेपोतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त, गावच्या देवस्थानचे पंच, घड्याळाचे पक्के आणि शब्दाचे त्याहून पक्के. त्यांची कन्या रेवतीबाई पतसंस्थेत कॅशियर. शार्दूलराव मातोश्रींसह बघायला गेले. त्यापूर्वी डाव्या कानावरची सर्व फौज कंगव्याने उचलून, टाळूवरून कूच करवून उजव्या कानापाशी मुक्कामास नेली आणि जेल लावून तेथे कायम केली. पोहे आले, चहा आला, आणि चालीप्रमाणे अण्णांनी पत्रिकेचा विषय काढिला. तेव्हा रेवतीबाई ट्रे खाली ठेवून म्हणाल्या, "अण्णा, पत्रिका राहू दे. मला ह्यांचा गेल्या वर्षीचा खर्च बघायचाय."

 मातोश्री म्हणाल्या, "म्हणजे कसला गं बाई खर्च?"

"स्वतःवर केलेला. पाडवा ते पाडवा. मीही माझा आणते. आणि दोघांच्या पगारातून घर चालवायचं म्हटलं तर महिन्याचं अंदाजपत्रक कसं होईल ते मी मांडून ठेवलंय. तिन्ही कागद शेजारी ठेवू. जमतंय का बघू." मग त्या शार्दूलरावांकडे वळल्या. "राग नका मानू. माझ्या काउंटरला रोज नवरा-बायको येतात. बायको बांगड्या काढून काचेवर ठेवते, आणि पैसे कशात गेले विचारलं की दोघंही म्हणतात, कळलंच नाही. मला तसं काचेपलीकडे उभं राहायचं नाही. कमी आहे म्हणून मी नाही म्हणणार नाही. कळलंच नाही, असं म्हणणारा मात्र नको."

हे ऐकून शार्दूलरावांच्या चित्तात एकाच वेळी दोन गोष्टी जाहल्या. एक, ही मुलगी फार आवडली, इतकी की आधीची दोन स्थळे गेली ते बरेच जाहले ऐसे वाटले. आणि दुसरी, तेथून पळून जावेसे वाटले, कारण कशात गेले हे त्यांस पुरते कळलेले होते. तरी ते म्हणाले, "आणतो की. त्यात काय." अण्णा म्हणाले, "पुढच्या रविवारी सकाळी साडेनऊ. सगळं जमलं तर अक्षय तृतीयेला साखरपुडा उरकून घेऊ. आणि नऊ चाळीस म्हणजे उशीर, हे लक्षात असू द्या."

तो आठवडा शार्दूलरावांनी कसा काढिला ते लिहिता पुरवत नाही. कागद घेऊन बसत आणि उठत, पाणी पीत आणि पुन्हा उठत, आरशासमोर जात आणि तेथून परत कागदाकडे येत. कारखान्यात बेअरिंगच्या जागी वॉशर दिले आणि वॉशरच्या जागी काहीच दिले नाही. मातोश्री म्हणाल्या, "बस की रे एका जागी. पायाला चाकं लावलीत का?" मग चौथे दिवशी त्यांनी आपले बालमित्र पिंटोजी मुत्सद्दी यांजकडे धाव घेतली. पिंटोजींचे झेरॉक्सचे दुकान, आणि सर्व आळीस दाखले, अर्ज, सल्ला तेथूनच मिळे. शार्दूलरावांनी दुकानाचे शटर अर्धे ओढून सर्व सांगितले. पिंटोजींनी विचार केला आणि म्हणाले, "आकडा लपवू नको भावा. मोबाइलात सगळं दिसतं. नाव बदल."

"म्हणजे?"

"म्हणजे अडतीस हजार चारशे पेट्रोलमध्ये घातलेस तर गाडी काश्मीरला जाऊन आली असं होईल. औषधात घातलेस तर म्हणतील पोरगा आतून पोखरलाय. मित्रांत घातलेस तर दारुडा. देवधर्मात घाल."

"देवधर्मात?"

"आपल्याकडं देवधर्मावर कोण प्रश्न विचारतंय? उलट मान वाढेल. मुलीचा बाप पंच आहे म्हणतोस ना? मग तर काय, सोन्याहून पिवळं."

शार्दूलरावांस हे पटले नाही, आणि दुसरे काही सुचलेही नाही. मग घरी येऊन त्यांनी कोऱ्या कागदावर सुवाच्य अक्षरे काढिली ती येणेप्रमाणे: पेट्रोल चौदा हजार दोनशे. चहा-नाष्टा नऊ हजार आठशे. मोबाइल एक्केचाळीसशे. कपडे-चपला त्रेसष्टशे. मित्रमंडळी बावन्नशे. आणि देवधर्म अडतीस हजार चारशे. एकूण अठ्ठ्याहत्तर हजार. शेवटचा खाना लिहिताना पेन दोनदा अडले. तिसऱ्यांदा अडले नाही, आणि तेथेच घात जाहला.

चैत्र वद्य प्रतिपदेस नऊ सत्तावीसला शार्दूलराव मातोश्रींसह अण्णांच्या दारी हजर जाहले. ओसरीत सतरंजी अंथरिली होती, तीवर रेवतीबाईंनी आपले दोन कागद शेजारीशेजारी ठेविले, तिसऱ्याची जागा मोकळी सोडिली आणि हाती शिसपेन्सिल घेतली. अंदाजपत्रक ऐसे, की दोघांचा तनखा मिळून त्रेपन्न हजार, त्यातून भाडे नऊ, किराणा आठ, दूध-भाजी पाच, वीज-गॅस-पाणी तीन, औषधपाणी दोन, मातोश्रींच्या हाती दोन, सणवार-आहेर दीड, बचत पंधरा, आणखी बारीकसारीक खाने, आणि नवऱ्याची व बायकोची खासगी दरमहा तीन-तीन हजार, म्हणजे वर्षाचे छत्तीस. आपल्या हाती आपल्यापुरते काय ते इतकेच. मग रेवतीबाईंनी आधी आपला कागद पुढे केला. "माझे सदतीस हजार नऊशे झालेत. एकोणीसशे जास्त. त्यात हे बघा, रिक्षा, बहात्तरशे."

मातोश्री म्हणाल्या, "पतसंस्था लांब आहे का गं?"

"नाही. अर्धा किलोमीटर. वाटेत वळणावर एक काळं कुत्रं बसतं. मला भीती वाटते. म्हणून पंधरा रुपयांची रिक्षा, येता-जाता." आणि खरेच, कागदावर तसेच लिहिले होते, 'कुत्र्याच्या भीतीपोटी रिक्षा', आणि पुढे आकडा. शार्दूलरावांनी ती ओळ वाचिली आणि त्यांस आपल्या खिशातला कागद तापलेल्या तव्यासारखा लागू लागला. वाटले की आत्ताच फाडून गिळावा. परंतु अण्णांनी हात पुढे केला आणि कागद त्या हाती गेला.

अण्णा चष्मा लावून वाचते जाहले. पेट्रोलवर मान हलविली, चहा-नाष्ट्यावर भुवई उचलिली, आणि शेवटच्या खान्याशी येऊन थबकले. मग चष्मा काढून पुन्हा लाविला. "अडतीस हजार चारशे देवाला! ह्या वयात? शैलजाबाई, तुम्ही बोलला नाहीत कधी!"

मातोश्रींस तर हे प्रथमच कळत होते. त्या म्हणाल्या, "मलासुद्धा बोलला नाही हो," आणि डोळ्यांस पदर लाविला, की पोरगा ओव्हरटाइम करून देवाला देतो आणि घरी चकार शब्द काढीत नाही.

रेवतीबाई म्हणाल्या, "अण्णा, पण खासगी छत्तीस हजारांची आहे. हे अठ्ठ्याहत्तर झाले. बेचाळीस हजार जास्त."

"अगं, हे जास्त म्हणतात का? हे पुण्य आहे!" मग अण्णा शार्दूलरावांकडे सरकून बसले. "दैवत कोणतं?"

शार्दूलरावांनी भिंतीवरच्या कॅलेंडराकडे पाहिले. "गणपती."

"कुठला?"

"स्टेशन रोडचा. दुसऱ्या मजल्यावरचा."

"दुसऱ्या मजल्यावर देव?"

"तिथं जागा फार महाग आहे, अण्णा."

"नवसाला पावतो का?"

शार्दूलरावांनी नकळत टाळूवर हात नेला आणि म्हणाले, "पावतोय. थोडा थोडा. मधूनमधून."

रेवतीबाईंची पेन्सिल थांबली होती. त्या म्हणाल्या, "बारा वेळा गेलात?"

"दर महिन्याला. तिसऱ्या रविवारी."

"म्हणजे दर वेळी बरोबर बत्तीसशे. देवाचा दर ठरलेला आहे का?"

"पावती देतात," शार्दूलराव म्हणाले, आणि हे बोलून गेल्यावर त्यांस कळले की याहून वाईट उत्तर सापडणे कठीण. परंतु अण्णांनी मांडीवर थाप मारिली आणि हुकूम सोडिला, की पुढचा रविवार तिसरा आहे, आपण तिघे त्या गणपतीस जाऊ, नारळ ठेवू, आणि तेथेच देवासमोर साखरपुड्याची तारीख पक्की करू. "गाडी आठ वाजता सुटते. सात पन्नासला फलाटावर."

मग तो दुसरा आठवडा पहिल्याहून वाईट गेला. शार्दूलराव जेवायला बसत आणि भात कालवून तसाच ठेवून उठत. तीन वेळा अण्णांचा नंबर काढिला आणि तीन वेळा फोन खिशात टाकिला. एकदा रेवतीबाईंस मेसेज लिहिला, 'मला काही सांगायचं आहे', आणि त्यांचे उत्तर आले, 'सांगा', तेव्हा घाबरून लिहिले, 'रविवारी ऊन असेल, टोपी घ्या'. घरी मातोश्री आल्यागेल्यास सांगत सुटल्या, की आमचा शार्दूल देवमाणूस, आणि शेजारणी घरी येऊन शार्दूलरावांस आदराने बघून जात. इकडे पिंटोजी मुत्सद्दी स्वस्थ बसले नव्हते. शनिवारी त्यांचा खलिता मोबाइलवर आला तो ऐसा: 'टेन्शन घेऊ नको. दवाखान्यात फोन करून बोललोय. वेटिंग रूममध्ये गणपतीचा मोठा फोटो आहे. समोरचा बोर्ड रविवारी झाकून ठेवतील, पाचशे दिलेत, ते नंतर दे. माझा माणूसही तिथं उभा असेल. म्हाताऱ्याला वर ने, फोटोला हार घाल, नारळ ठेव, पाच मिनिटांत खाली. जिंकलास.' शार्दूलरावांनी तो खलिता अकरा वेळा वाचिला. म्हणजे वाट होती. कोणास कळले नसते, लग्न ठरले असते, आणि कागदावरचा देवधर्म जन्मभर देवधर्मच राहिला असता.

चैत्र वद्य सप्तमी, रविवार, आठच्या एसटीने स्वारी निघाली. अण्णा पांढरे धोतर नेसून, पिशवीत नारळ, हार आणि पेढ्यांचा पुडा घेऊन पुढच्या आसनी बसले आणि कंडक्टराशी जुन्या डेपोच्या गोष्टी काढिल्या. मागच्या आसनी खिडकीपाशी शार्दूलराव आणि शेजारी एक हात अंतर राखून रेवतीबाई. घाट लागला, गाडीने वेग घेतला, आणि खिडकीतून असा वारा घुसला, की डाव्या मुलुखातून उजव्या मुलुखी नेऊन ठेवलेली सारी फौज एकदम उठली, जेल-बिल काही न जुमानता उभी राहिली, आणि उलटी फिरून डाव्या खांद्यावर लोंबू लागली. मधला प्रांत उन्हात लखलखला. शार्दूलरावांनी दोन्ही हातांनी फौज गोळा करायचा यत्न केला, तो एक तुकडी धरावी तर दुसरी उधळावी. रेवतीबाईंनी पाहिले. शार्दूलरावांनी त्यांस पाहताना पाहिले. मग रेवतीबाई पुढे वाकून म्हणाल्या, "खिडकी लावू का?" आणि उत्तराची वाट न पाहता काच ओढून घेतली, आणि पुढे उतरेपर्यंत रस्त्याकडे बघत बसल्या. हसल्या असत्या तर शार्दूलरावांस सोपे गेले असते.

स्टेशन रोडवर पोचले तेव्हा पावणेअकरा जाहले होते आणि ऊन चढले होते. इमारत आली. खाली मोबाइलचे दुकान, बाजूने जिना, आणि जिन्याच्या तोंडाशी गोणपाट टाकून बोर्ड झाकिला होता. पिंटोजींनी काम चोख बजावले होते. अण्णा म्हणाले, "हाच का?" शार्दूलरावांनी मान हलविली. मग अण्णांनी तेथे फुटपाथवर चपला काढून बाजूला नीट जोडून ठेविल्या. फरशी तापली होती, म्हातारे पाय एकदा उचलले, पुन्हा टेकले. मग अण्णा पहिल्या पायरीपाशी वाकले, उजव्या हाताने पायरीला स्पर्श केला, तो हात कपाळी लाविला, आणि पायरीवर कोणीतरी थुंकलेले होते ते त्यांस दिसले नाही. शार्दूलरावांस दिसले. आणि दोन आठवडे जी ऊठबस चालली होती ती तेथे येऊन एकाएकी थांबली.

"अण्णा, थांबा. वर देव नाही."

अण्णा वळले. "आज बंद आहे?"

"नाही. देवच नाही. केसांचा दवाखाना आहे. मी वर्षभर डोक्याला सुया मारून घ्यायला येत होतो. ते अडतीस हजार चारशे त्याचे. देवाला मी एक रुपया दिलेला नाही." मग जिन्यावरून हातात हार घेऊन पिंटोजींचा माणूस डोकावला, त्यास म्हणाले, "ते गोणपाट काढा. राहू दे सगळं."

 अण्णांनी झाकलेल्या बोर्डाकडे पाहिले, मग शार्दूलरावांच्या मस्तकाकडे, मग आपल्या हातातल्या नारळाकडे. "मी अनवाणी उभा आहे इथं," ते म्हणाले. "केसांचं काही नाही. माझ्या घरात, माझ्या मुलीसमोर, देवाच्या नावावर खोटं लिहिलंत तुम्ही. पेट्रोल लिहिलं असतं तर मी काही म्हणालो नसतो. मोडलं. चल गं, रेवती. अकराची गाडी मिळेल."

रेवतीबाई जागच्या हालल्या नाहीत. त्यांनी शार्दूलरावांस पुसले, "उपयोग झाला का?"

"नाही."

"कळत होतं ना, होत नाही ते?"

"तिसऱ्या महिन्यातच कळलं."

"मग पुढचे नऊ महिने का आलात?"

शार्दूलराव खाली बघत म्हणाले, "आधीची दोन स्थळं माझ्याकडं बघून गेली. मग वाटलं, पुढची येईल तोवर तरी थोडे टिकू देत. ती आल्यावर गेले तर गेले. कागदावर खरं लिहिणार होतो. तुमचं ते कुत्रं वाचलं तेव्हा तर वाटलं, आत्ता सांगावं. पण अण्णा इतके खूश झाले, की मग तोंड उघडेना. वर जायची सोयही केली होती. पण अण्णांनी चपला काढल्या."

अण्णा म्हणाले, "बोलणं गोड आहे. पण आमच्या देवळाची रीत तुला माहीत आहे, रेवती. पंगतीत ज्याच्या नावे देणगीचा आकडा वाचला गेला तो त्यानं द्यायचा. नाही जमलं तर मुलानं द्यायचा. खालच्या आळीतल्या माणसानं आजोबानं कबूल केलेला गाभाऱ्याचा दरवाजा चाळीस वर्षांनी आणून बसवला. देवाच्या नावे लिहिलं ते देवाचं झालं. आधी अडतीस हजार चारशे देवस्थानात भरा, मग माझ्याशी बोला."

"माझ्याजवळ नाहीत, अण्णा," शार्दूलराव म्हणाले. "वर गेले ते."

तेव्हा रेवतीबाईंनी पिशवीतून अंदाजपत्रकाचा कागद काढिला, जिन्याच्या कठड्यावर पसरिला आणि मोबाइलवर आकडे टाकू लागल्या. मोबाइलच्या दुकानातला माणूस, पिंटोजींचा माणूस आणि एक गिऱ्हाईक, असे तिघे जमा होऊन बघत राहिले. मग त्या म्हणाल्या, "अण्णा, बारीकसारीक खान्यात मी देवधर्माला महिन्याला एक्कावन्न धरलेत. घराला तेवढेच झेपतात. अडतीस हजार चारशे भागिले एक्कावन्न. सातशे त्रेपन्न हप्ते. बासष्ट वर्षं आणि नऊ महिने. शेवटच्या हप्त्याला तीन रुपये कमी, अठ्ठेचाळीसच."

"काय बडबडतेस?"

"देवाचे फिटायला हवेत ना? फिटतील. घरच्या अंदाजपत्रकातून. ह्यांच्या खासगीत ह्यापुढं केसांचा एकच खाना, न्हावी, महिन्याला साठ रुपये. खोटं लिहिलं त्याचा मलाही राग आहे, आणि तो मी माझ्या सवडीनं काढीन. पण अण्णा, पाच वर्षं मी काउंटरला बसतेय. पैसे कशात गेले ते रुपयापर्यंत सांगणारा हा पहिलाच माणूस. उशिरा सांगितलं, पण वर जायचा रस्ता मोकळा असताना सांगितलं."

शार्दूलरावांनी मनात बेरीज केली आणि म्हणाले, "बासष्ट वर्षं नऊ महिने म्हणजे मी एक्याण्णवच्या पुढं असेन."

"तोवर केसांचा विषय निघणार नाही."

"आणि हप्ता चुकला तर?"

"मी वसूल करते. तेच काम आहे माझं. तेवढी वर्षं बसावं लागेल मला तुमच्यासमोर, त्याला इलाज नाही."

 मग अण्णा तापलेल्या फरशीवरून चपलांपाशी गेले, चपला घातल्या, पट्टा नीट केला, आणि घड्याळ पाहून म्हणाले, "अकराची चुकली. दीडची आहे. ह्या रस्त्याला खरं देऊळ कुठं आहे ते कुणी सांगेल का?" पिंटोजींचा माणूस हातातला हार पुढे करून म्हणाला, "चला, दाखवतो. मारुतीचं आहे, पण तळमजल्यावर आहे."

एकूण वृत्तांत येणेप्रमाणे. क्रोधीनाम संवत्सरी शार्दूलरावांची खासगी छत्तीस हजारांवर बेचाळीस हजार चढली, त्यात केसांची मोहीम दरोबस्त बुडाली. रेवतीबाईंची एकोणीसशे चढली, ती कुत्र्याचे पायी. संसाराचे अंदाजपत्रक दुरुस्तीसह मंजूर, साखरपुडा अक्षय तृतीयेस कायम. त्याच दिवशी दीडच्या गाडीने अण्णांच्या गावी उतरून शार्दूलरावांनी देवस्थानच्या खिडकीत पहिला हप्ता भरिला, पंचांनी स्वतःच्या हाताने पावती फाडिली. जमा रुपये एक्कावन्न. बाकी अडतीस हजार तीनशे एकोणपन्नास.